‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून समन्स परत गेलं, मग पुढे काय?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका घरी बेलीफ, म्हणजे कोर्टाचे कागद पोचवणारा कर्मचारी, आला तेव्हा मुलगी कामावर गेली होती. घरात तिची आई एकटीच. बेलीफाने मुलीचं नाव विचारलं, पुण्याच्या कोर्टाचं समन्स आहे म्हणून सांगितलं, तशी आईने दार अर्धं लोटून घेतलं. “आमी न्हाई घ्यायचो कसला कागद. त्येला म्हणावं, हिंमत असंल तर तूच ये समोर.” बेलीफाने दाराशीच उभं राहून काहीतरी लिहिलं, शेजारच्यांशी दोन शब्द बोलला आणि गेला. संध्याकाळी मुलगी आल्यावर आईने फुशारकीने सांगितलं, “आलता कोर्टाचा माणूस, दिला घालवून.” सात-आठ महिन्यांनी एका लग्नात नवऱ्याकडच्या पाहुण्यांनी सहज विषय काढला, तेव्हा कळलं की घटस्फोट होऊन गेलाय.

मायलेकी माझ्यासमोर बसल्या तेव्हा आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “पण वकीलसाहेब, आमी सहीच न्हाई केली, मग घटस्फोट झालाच कसा?” कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात बसणाऱ्या कुठल्याही वकिलाला हा प्रश्न नवा नाही.

दोघांच्या सह्या लागतात त्या परस्पर संमतीच्या घटस्फोटाला. हिंदू विवाह कायद्याचं ते कलम १३-ब. एकट्याने केलेल्या अर्जाचा मार्ग वेगळा. क्रूरता, सलग दोन वर्षं सोडून राहणं, व्यभिचार अशा कारणांवरून कलम १३ खाली नवरा किंवा बायको एकेकटे कोर्टात जाऊ शकतात आणि तिथे समोरच्याच्या सहीवाचून काही अडत नाही. कायदा एवढंच बघतो की समोरच्याला केसची खबर दिली का आणि आपलं म्हणणं मांडायला वेळ दिला का. खबर मिळूनही तो फिरकला नाही, तर केस त्याच्याशिवाय चालते आणि निकालही लागतो. हाच एकतर्फी घटस्फोट. त्यामुळे अशा प्रकरणात पुढचं सगळं भांडण होतं ते खबर दिली होती की नाही, आणि दिली असेल तर कशी, यावर.

आधी एक घोळ निस्तरू. घरी आलेल्या प्रत्येक कायदेशीर कागदाला आपल्याकडे ‘नोटीस’च म्हणतात. नवऱ्याच्या वकिलाने स्वतःच्या लेटरहेडवर ‘पंधरा दिवसांत नांदायला या, नाहीतर…’ असं पाठवलेलं पत्र म्हणजे वकिलाची नोटीस. तिला उत्तर दिलं नाही म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही. घटस्फोटाचा अर्ज करण्याआधी अशी नोटीस दिलीच पाहिजे असंही कायद्यात कुठे नाही. उत्तर दिलेलं बरं असतं, ते पुढे पुराव्यात कामाला येतं, हा भाग वेगळा. कोर्टाचं समन्स किंवा कोर्टाची नोटीस ही मात्र निराळी वस्तू. तिच्यावर कोर्टाचा गोल शिक्का असतो, केसचा नंबर असतो, हजर राहायची तारीख असते आणि सोबत मूळ अर्जाची प्रत असते. असायलाच हवी. ती नसेल तर घेताना तसं लिहून सही करा. वकिलाच्या नोटिशीला घाबरणारी आणि कोर्टाच्या समन्साला बेलीफासकट घालवून देणारी माणसं मी पाहिली आहेत. नेमकं उलटं!

समन्सवर सही केली म्हणजे आरोप कबूल केले, ही भीती खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. सहीचा अर्थ एवढाच की कागद मिळाला.

बेलीफाच्या कागदाची पाठ

समन्स कसं बजावायचं हे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय, आदेश ५ मध्ये. माणूस आला नाही तर काय करायचं, ते आदेश ९ मध्ये. वकिलांच्या तोंडी हेच ‘ऑर्डर नाईन रूल थर्टीन’ वगैरे होतं, ते ऐकून बिचकू नका. कौटुंबिक न्यायालय असो, की ते नसलेल्या ठिकाणचं वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचं कोर्ट, समन्साला हीच संहिता लागते. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालेलं असेल किंवा जोडपं मुस्लिम वा ख्रिस्ती असेल, तर घटस्फोटाची कारणं बदलतात. समन्साची रीत हीच.

अर्ज करणारा तो अर्जदार, ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जाबदार. केस पुण्यात आणि जाबदार कोल्हापुरात असेल तर पुण्याचं कोर्ट समन्स इथल्या कोर्टाकडे पाठवतं, नाझर, म्हणजे तिथला बेलीफांवरचा अधिकारी, ते बेलीफाकडे देतो आणि बेलीफ पत्ता शोधत दारात येतो. परत गेल्यावर समन्साच्या पाठीमागे तो अहवाल लिहितो. या पाठीमागच्या मजकुराला फार किंमत असते. साधारण असा असतो तो :

“आज रोजी सकाळी ११ वाजता सदर पत्त्यावर समक्ष गेलो असता जाबदार घरी मिळून आल्या नाहीत. त्यांच्या आई हजर मिळाल्या. समन्समधील मजकूर समजावून सांगून समन्स देऊ केले असता त्यांनी घेण्यास नकार दिला. म्हणून शेजारी राहणाऱ्या दोन इसमांसमक्ष समन्सची एक प्रत घराच्या दर्शनी दारावर चिकटवली.”

मंगळवार पेठेतल्या दारावर तो कागद चिकटवला होता का? आई म्हणते न्हाई. शेजारच्या काकू आधी न्हाई म्हणाल्या, मग म्हणाल्या, काहीतरी होतं खरं, पोरांनी फाडलं असंल.

आता हा अहवाल कायद्याच्या चाळणीतून घालू. पहिला नियम असा की समन्स शक्यतो ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. तो घरी नसेल आणि वाजवी वेळात भेटण्याची शक्यताही नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाकडे देता येतं. ती बाई असली तरी चालते. घरकामाला येणाऱ्या मावशींकडे किंवा वॉचमनकडे दिलेलं मात्र चालत नाही, नोकर हा कुटुंबाचा भाग धरत नाहीत. या माणसाने सही द्यायला नकार दिला तरच दारावर चिकटवायचा प्रश्न येतो, किंवा नेटाने शोध घेऊनही जाबदार सापडला नाही तर. चिकटवताना घर कुणी दाखवलं, कुणासमोर चिकटवलं, त्यांची नावं-पत्ते, वेळ, परिस्थिती असं सगळं अहवालात यावं लागतं. बेलीफाने तो शपथेवर दिला नसेल तर कोर्टाने त्याला बोलावून शपथेवर विचारायचं आणि मग ‘बजावणी योग्य झाली’ असा आदेश करायचा.

म्हणजे इथे दोन कच्च्या जागा दिसतात. नोकरी करणारी बाई सकाळी ११ ला घरी नसणार आणि सहाला येणार हे उघड आहे, मग ती ‘मिळण्यासारखी नव्हती’ असं एका फेरीतच कसं ठरलं? आणि शेजारच्या दोन इसमांची नावं अहवालात आहेत का? कोल्हापुरातल्या पेठेत शेजाऱ्यांची नावं न कळण्याइतकी गुप्तता कधीपासून आली! पण याच अहवालात अर्जदाराच्या बाजूचंही बरंच आहे. आईने नकार दिला हे आई स्वतःच मान्य करते. हा नकार पुढे महागात पडतो, तो कसा ते खाली येईलच.

बेलीफाबरोबर पोस्टही वापरतात. २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कोर्टाने मान्य केलेला कुरिअर आणि ई-मेलही नियमात आहेत. व्हॉट्सअॅपचं विचाराल, तर नवऱ्याने परस्पर पाठवलेला फोटो म्हणजे समन्स नव्हे. कोर्टाने त्या रीतीने पाठवायला परवानगी दिली असेल तर निळ्या टिकांचा पुरावा कोर्ट विचारात घेऊ शकतं. पोस्टाचं रजिस्टर्ड पाकीट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे आता दारात येतं ते स्पीड पोस्टाचं. त्या पाकिटावर पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ लिहिलं की कोर्ट बजावणी झाली असं जाहीर करतं. पत्ता बरोबर असेल, तिकीट पुरेसं असेल आणि पोचपावती तीस दिवसांत परत आली नाही, तरी तसंच जाहीर करण्याची तरतूद आहे. १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाचं कलम २७ ही तेच सांगतं : नीट पत्ता घालून पोस्टात टाकलेलं पोचलं असंच धरायचं, पोचलं नाही हे दाखवायची जबाबदारी नाही म्हणणाऱ्यावर.

काही लोकांसाठी वाटा ठरलेल्या आहेत. जाबदार कळंब्याच्या तुरुंगात असेल तर समन्स तुरुंगाधिकाऱ्यामार्फत. सैनिक टाकळीचा जवान सीमेवर असेल तर त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत. सरकारी नोकर किंवा महापालिकेचा कर्मचारी असेल तर कार्यालयप्रमुखाकडेही पाठवता येतं.

पत्त्याचा रकाना

माझ्या मते एकतर्फी घटस्फोटातली निम्मी लबाडी अर्जाच्या पहिल्या पानावर होते, जाबदाराच्या नावाखालच्या दोन ओळींत. तिथे पत्ता लिहायचा असतो.

नेहमीचा नमुना सांगतो. बायकोला घराबाहेर काढलं, ती दोन वर्षं माहेरी चंदगडला आहे. नवरा इचलकरंजीत अर्ज करतो आणि तिचा पत्ता देतो, कुठला? आपल्याच घरचा. रेशनकार्डावर, आधारवर तोच आहे म्हणून. बेलीफ येतो, सासूबाई दार उघडतात आणि सुनेचं समन्स गोड मानून घेतात, सही ठोकतात. अहवाल तयार : ‘जाबदाराच्या सासूने स्वीकारले.’ वरवर बघितलं तर सगळं नियमात, घरातल्या सज्ञान बाईने घेतलं. पण नियम ‘सोबत राहणाऱ्या’ माणसाचा आहे, आणि ज्या घराशी भांडण आहे त्याच घरातल्या माणसाने दुसऱ्या बाजूचा कागद घेणं ही बजावणीची थट्टा आहे. अशी डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, रद्द करायला फार झटावं लागत नाही, फक्त ती चंदगडला राहत होती याचा पुरावा लागतो. तिथल्या दवाखान्याचे कागद, मुलाच्या शाळेचा दाखला, पोटगीच्या केसमधला पत्ता. शेवटचा पुरावा तर पक्काच, कारण पोटगीच्या केसमध्ये नवऱ्यालाही तोच पत्ता माहीत असतो.

बायकोच्या बाजूनेही हे होतं. नवरा कामासाठी चाकणला भाड्याने राहतो हे ठाऊक असून त्याच्या गावच्या बंद घराचा पत्ता दिला जातो. पंचगंगेच्या काठची गावं बघा. प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या कितीतरी कुटुंबांचं एक घर गावात आणि एक सोनतळीला. पूर आला की गावातलं घर बंद. कायदा विचारतो, माणूस ‘सामान्यतः’ राहतो कुठे? बंद दारावर कागद चिकटवायचा तर आधी दुसरं दार शोधल्याचं दिसलं पाहिजे.

अर्जदारांना मी दोन्ही पत्ते लिहायला लावतो, सासरचा, माहेरचा, असेल तर कामाच्या ठिकाणचाही, मोबाइल नंबरासह. काहींना ते आवडत नाही. “साहेब, आपणच तिला सांगायचं?” होय, आपणच. कारण खोट्या पत्त्यावर मिळवलेली डिक्री हातात घेऊन दुसरं लग्न केलं, आणि तीन वर्षांनी पहिली बायको कोर्टात उभी राहिली, तर दोन संसार एकदम रस्त्यावर येतात.

पेपरातली जाहिरात

दोन-तीनदा समन्स परत आलं की अर्जदाराचा वकील जाहीर समन्साची परवानगी मागतो. वर्तमानपत्राच्या मागच्या पानांवर, जमिनीच्या जाहीर नोटिसांच्या शेजारी, बारीक अक्षरातली ती चौकट तुम्ही पाहिली असेल. आपल्यापैकी कुणी ती वाचत नाही, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, न्यायाधीशांनाही. तरीही कायद्याने ती हातात दिल्याइतकीच परिणामकारक धरली आहे. ‘मी तो पेपर घेतच नाही’ हा बचाव चालत नाही.

म्हणूनच तिथवर पोचायला पायऱ्या आहेत. जाबदार मुद्दाम तोंड चुकवतोय किंवा नेहमीच्या रीतीने समन्स बजावणं शक्यच नाही, याची कोर्टाला खात्री पटली पाहिजे. अर्जदाराने मागितलं आणि कोर्टाने दिलं, असं उरकायचं नसतं. जाहिरात द्यायची ती दैनिकात, आणि जाबदार शेवटी जिथे राहत होता किंवा कामधंदा करत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात. जाबदार आजऱ्याची आणि जाहिरात फक्त सोलापूरच्या आवृत्तीत, तर ती जाहिरात नव्हे, लपवाछपवी.

या जाहीर समन्साबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ती मुदतीच्या कायद्यात दडलेली आहे, पुढच्या भागात येतेय.

आला नाही, मग?

तारखेला पुकारा झाला, जाबदार नाही. आता न्यायाधीश आधी समन्साची पाठ बघतात. बजावणी नीट झाली असेल तर केस एकतर्फी चालवण्याचा आदेश होतो. नीट झाली नसेल तर दुसरं समन्स काढायचं. आणि झाली आहे, पण तयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही, म्हणजे सोमवारच्या तारखेचं समन्स शनिवारी हातात पडलं, तर तारीख पुढे ढकलून पुन्हा कळवायचं. आदेश ९ चा नियम ६ एवढाच आहे.

एकतर्फी आदेश झाला म्हणजे घटस्फोट झाला, असं मात्र नाही. अर्जदाराला आपला पुरावा शपथेवर द्यावा लागतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ सांगतं की समोरून विरोध असो वा नसो, घटस्फोटाचं कारण खरंच आहे, अर्जदार स्वतःच्याच चुकीचा फायदा उठवत नाही, दोघांचं आतून संगनमत नाही, अर्जाला विनाकारण उशीर झालेला नाही, याची कोर्टाची खात्री पटली पाहिजे. त्यामुळे एकतर्फी केससुद्धा फेटाळली जाऊ शकते. कागदावर हे भक्कम आहे. पण उलटतपास घेणारं कुणी नसलं की ‘ती माझ्या आईवडिलांना शिव्या द्यायची’ हे वाक्य तसंच्या तसं पुराव्यात जातं, हेही तितकंच खरं.

या मधल्या काळात कळलं तर धावत जा. निकाल लागायच्या आधी हजर होऊन, आधी का आलो नाही याचं पटेल असं कारण दिलं तर एकतर्फी आदेश मागे घेतला जातो आणि केस जणू पहिल्या तारखेपासून तुम्ही हजर होतात अशी चालते. नियम ७. त्यासाठी अर्ज, सोबत तुमची कैफियत, म्हणजे मूळ अर्जाला लेखी उत्तर, आणि बहुधा थोडाफार खर्च भरावा लागतो. कारण पटलं नाही तरी जिथे केस आली आहे तिथून पुढे भाग घेता येतो. युक्तिवाद संपून केस निकालासाठी ठेवली की हा दरवाजा बंद.

मग उरतो नियम १३, डिक्री झाल्यानंतरचा. ज्या कोर्टाने डिक्री दिली त्याच कोर्टात ती रद्द करायचा अर्ज. कारणं दोनच : समन्स नीट बजावलं गेलं नाही, किंवा पुरेशा कारणामुळे तारखेला येता आलं नाही. बाळंतपण, अपघात, वकील वारले, महापुरात रस्ते बंद, अशी कारणं पुरेशी ठरू शकतात. मोठं भांडण चालू होतं, मन थाऱ्यावर नव्हतं, हे पुरेसं ठरणं अवघड. दुसऱ्या बाजूला नोटीस दिल्याशिवाय हा अर्जही मंजूर करता येत नाही. ज्याने तुम्हाला कळवलं नाही, त्याला तुम्ही कळवायचं!

या नियमाला १९७६ साली एक परंतुक, म्हणजे ‘पण’ने सुरू होणारी अट, जोडलं गेलं आणि मंगळवार पेठेतल्या आईचं दुखणं तिथेच आहे. बजावणीत नुसती अनियमितता आहे एवढ्यावरून डिक्री रद्द करायची नाही, जर जाबदाराला तारीख माहीत होती आणि येऊन उत्तर द्यायला वेळही होता असं कोर्टाला दिसलं तर. म्हणजे बेलीफाने दोन इसमांची नावं लिहिली नाहीत ही त्याची चूक खरी, पण आईने कागद नाकारला, संध्याकाळी लेकीला ‘कोर्टाचा माणूस आलता’ असं सांगितलं, आणि हे उलटतपासात बाहेर आलं, तर समोरचा वकील याच परंतुकावर बोट ठेवणार. तरी आमच्या बाजूने एक धागा उरतो. आईला तारीख कुणी वाचून दाखवली नव्हती, लेकीला ती कळलीच नाही. तोच धागा धरून मी अर्ज तयार केला. खोटं काही लिहिलं नाही. ‘बेलीफ आलाच नाही असं लिहा की साहेब,’ असा आग्रह झाला होता, तो मी मानला नाही. तसं लिहिलं असतं आणि बेलीफ साक्षीला आला असता, तर उरलेला धागाही तुटला असता.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निवाडा या संदर्भात नेहमी दाखवला जातो. दिल्लीतल्या त्या प्रकरणात बायकोने समन्स नाकारलं होतं, मग वर्तमानपत्रात जाहिरात झाली, १९८९ मध्ये एकतर्फी घटस्फोट झाला. ती डिक्री रद्द करायला आली १९९३ मध्ये. उच्च न्यायालयाने तिचं ऐकलं, सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिक्री कायम केली. समन्स टाळणाऱ्याला नंतर तेच समन्स मिळालं नाही म्हणून दाद मागता येत नाही, हा त्याचा रोख.

आता मुदत. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातला अनुच्छेद १२३ नियम १३ च्या अर्जाला ३० दिवस देतो. समन्स योग्य रीतीने बजावलेलं असेल तर डिक्रीच्या तारखेपासून ३० दिवस, बजावलेलं नसेल तर डिक्री झाल्याचं कळल्यापासून ३० दिवस. आणि ती राहिलेली गोष्ट : याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की मुदत मोजण्यापुरतं, पेपरातलं जाहीर समन्स ही योग्य बजावणी धरायची नाही. म्हणजे केस एकतर्फी चालवायला जाहिरात पुरते, पण तुमच्या ३० दिवसांचं घड्याळ तुम्हाला खरोखर कळल्यापासूनच सुरू होतं. उशीर झालाच तर याच कायद्याच्या कलम ५ खाली माफी मागता येते, प्रत्येक टप्प्याचं कारण देऊन.

याशिवाय अपील आहेच. कौटुंबिक न्यायालयाच्या डिक्रीवर अपील उच्च न्यायालयात, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ते आता मुंबईला जात नाही. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे इथे बसणाऱ्या खंडपीठाचं, काम सुरू आहे. चाळीसेक वर्षांच्या आंदोलनातून ते आलं. रात्रीची एसटी धरून मुंबईला तारखेला जाणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्यात त्यांना याचं मोल विचारा. वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांनी दिलेल्या डिक्रीचं अपील जिल्हा न्यायालयात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ ने अपिलाला ९० दिवस दिले आहेत, २००३ च्या दुरुस्तीने, त्याआधी ३० होते. अपील आणि नियम १३ चा अर्ज दोन्ही वाटा खुल्या असतात, पण अपिलाचा निकाल लागला की नियम १३ ची वाट बंद होते. फक्त अपील मागे घेतलं असेल तरच ती शिल्लक राहते. बहुतेकदा समन्साचाच मुद्दा असेल तर मी नियम १३ आधी सुचवतो, कारण तिथे बेलीफाला, पोस्टमनला साक्षीला बोलावता येतं. अपिलात आहे त्या कागदांवर बोलावं लागतं.

दुसऱ्या लग्नाची घाई असलेल्यांनी हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ वाचावं. अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, लग्न करायचं नाही. आणि समोरच्याने दुसरं लग्न केलं, आता काय उपयोग, म्हणून हातपाय गाळून बसणाऱ्या बायकांना एवढंच सांगतो की तेवढ्याने तुमचा अर्ज निकामी होत नाही.

पोटगीही जात नाही. घटस्फोटित पत्नी जोवर पुन्हा लग्न करत नाही तोवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, ती मागू शकते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगीही.

नवरा अमेरिकेत, आणि तिथल्या कोर्टाचा कागद कोल्हापूरला ई-मेलवर आला, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय की ज्या परदेशी कोर्टाचा अधिकार बायकोने आपखुशीने मान्य केला नाही, तिथे ती प्रत्यक्ष लढलीच नाही, त्या कोर्टाची एकतर्फी डिक्री इथे सहसा मानली जाणार नाही. म्हणून तिकडे घाईघाईने काही उत्तर पाठवण्याआधी इथल्या वकिलाला विचारा, कारण एक ओळीचा ई-मेलसुद्धा ‘मान्य केलं’ म्हणून दाखवला जाऊ शकतो. इथल्या समन्साला न जाणं घातक, तिथल्याला विचार न करता जाणं घातक.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून तारीख चुकवू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन. केस झाली आहे का अशी नुसती शंका असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधून बघता येतं. आपल्या नावाची दोन-तीन स्पेलिंग करून बघा, कोर्टात ‘पाटील’सुद्धा दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं.

आणि वकिलाकडे येताना ते पाकीट घेऊन या. आतला कागद सगळे आणतात, पाकीट चुलीत जातं. त्यावरचा पोस्टाचा तारखेचा शिक्का, पत्ता कुठला लिहिला होता तो, पोस्टमनचा शेरा, हे सगळं पाकिटावर असतं. डिक्री झाल्याचं तोंडी कळलं असेल तर त्याच आठवड्यात नकलेसाठी अर्ज टाका, त्या अर्जाची तारीख पुढे तुम्हाला कधी कळलं याचा आधार होते. खरं तर घटस्फोटाच्या डिक्रीची एक प्रत दोन्ही पक्षांना फुकट द्यावी असं हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्येच लिहिलंय. मंगळवार पेठेतल्या त्या मुलीची प्रत तिच्या सासरच्या पत्त्यावर गेली होती.